तार माझी, फाक तिची

आमच्या घरी ॲल्युमिनियमचा चुरा भाकरीतसुद्धा सापडायचा. माय परात धुऊन, पुसून, उन्हात वाळवून मगच पीठ घ्यायची, तरी कधीतरी दाताखाली कर्र व्हायचं आणि ती बाबांकडे पाहायची. बाबा मान खाली घालून जेवत राहायचे. घराच्या मागे टिनाचं शेड होतं, शेडला लागून भिंत आणि भिंतीपलीकडे कापसाची जिनिंग मिल. कापसाचा हंगाम सुरू झाला की मांडणीवरच्या भांड्यांना बारीक थरथर सुटायची, आणि रुईचे कण दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीवर, मायच्या केसांवर येऊन बसायचे. त्या घरघरीतही मला बाबांच्या आरीचा आवाज वेगळा ऐकू यायचा. लोखंडावर आरी करकरते, ॲल्युमिनियमवर ती सुळसुळते. शाळेतून येताना कोपऱ्यावरच मला कळायचं की बाबा आज पाइप कापत आहेत, आणि मी दप्तर ओट्यावर टाकून थेट शेडमध्ये जायचे.

बाबा टीव्हीचे अँटेने बनवायचे. दिग्रसमधल्या निम्म्या घरांवर आमच्या शेडमधले अँटेने होते, असं ते सांगायचे, आणि मी ते खरं मानायचे. मोठा भाऊ, आमचा दादा, शेडमध्ये कधी रमला नाही. त्याला फिरायला आवडायचं, तो एसटीत कंडक्टर झाला. त्यामुळे बाबांसमोरचं ते लाकडी स्टूल माझं झालं. कापलेल्या पाइपाची टोकं कानशीने घासायची, भोकं पाडायची, नट आवळायचे, ही माझी कामं. बाबा एकदा म्हणाले होते, "पाह्य ज्योते, एवढे काटे दिसतात, पन पकडते तो मधला एकच. बाकी सारे नुसते त्याच्यासाठी उभे." मला ते फार आवडलं होतं. बारावी झाल्यावर मी यवतमाळला जाऊन पुढे शिकायचं म्हटलं तेव्हा बाबा म्हणाले, "तिथं पोरीले कोनाच्या भरोशावर ठेवू?" मी रडले, पण फार नाही. शेड होतं ना.

मग डिश आल्या, केबल आली, आणि अँटेन्याचं गिऱ्हाईक आटलं. बाबा रेडिओ, मिक्सर, पंखे दुरुस्त करायला लागले. आरी भिंतीला टांगलेली राहू लागली. त्याच उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं आणि वैशालीवहिनी घरात आली.

ती राळेगावकडची. अंगाने बारीक, बोलणं हळू, आणि डोळ्यांना चष्मा. लग्न झाल्यावर आम्हाला कळलं की तिने यवतमाळला राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला आहे. अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती, तेव्हा एका सकाळी ती बाबांसाठी चहा घेऊन शेडमध्ये आली. कोपऱ्यात पडलेल्या जुन्या अँटेन्याकडे पाहून तिने विचारलं, "बाबा, हा फोल्डेड डायपोल तुमी घरीच वाकवता का?"

बाबांनी कप खाली ठेवला. "काय म्हनलं?"

"हा मधातला. याले डायपोल म्हन्तात ना."

आयुष्यभर ज्याला बाबा 'मधला काटा' म्हणत होते, त्याला नाव होतं. बाबांनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवून पाहिला, एखादी नवी मिठाई चाखावी तसा. आणि मी स्टुलावर बसले होते, हातात कानस घेऊन. मला वाटलं, ही माझ्या घरात येऊन माझ्याच वस्तूचं नाव मला सांगते. जिथे मला जाऊ दिलं नाही, तिथूनच ते नाव घेऊन आली. त्या दिवशीचा तो जळफळाट पुढे कितीतरी महिने विझला नाही.

हे लिहिताना मला माझंच हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं. तेव्हा मी सगळ्यावर लक्ष ठेवून असायचे. तिने पातोड्या केल्या तर बाबा रस्सा पुन्हा वाढून घ्यायचे की नाही, हे मी पाहायचे. ते वाढून घ्यायचे. मी केल्या तर मुकाट्याने खायचे. मायला विचारलं तर म्हणायची, "काहून अशी करून राह्यली? तिच्या हातचं नवं हाय, तुह्या हातचं रोजचं." दुपारी जेवणं झाली की वहिनी शेडमध्ये जायची आणि बाबा तिला विचारत बसायचे. अमुक पाइपाची लांबी एवढीच का? टीव्हीचं चित्र पावसात का हलतं? हे प्रश्न बाबांना पडत होते, हेच मला माहीत नव्हतं. मला त्यांनी कधी विचारले नव्हते. मी उभी राहून ऐकायचे, कारण स्टुलावर ती बसलेली असायची. "ताई, तुमी बसा ना," ती उठून म्हणायची. मला ताई म्हणायची, वयाने मोठी असून अहो-जाहो करायची, आणि त्यामुळे मला तिच्याशी भांडताही येत नव्हतं.

दिवाळीनंतर आमच्या भागात बिनतारेचे फोन आले. मोबाइल अजून शहरातल्या माणसांच्याच खिशात होता. हा फोन दिसायला साध्या फोनसारखाच, टेबलावर ठेवायचा, पण मागून तार कुठेही जात नसे. डोक्यावर एक बोटभर अँटेना, आणि टॉवर दिग्रसला. गावात तो चांगला चाले. डोंगराआड मात्र रेंजची एकही दांडी दिसायची नाही. पुसद रस्त्याच्या आत, डोंगराच्या खोबणीत बंजाऱ्यांचा एक तांडा होता. तिथले हरसिंगभाऊ बाजाराच्या दिवशी बाबांकडे आले. त्यांनी तांड्यावरच्या आपल्या किराणा दुकानात हा फोन घेतला होता, सगळ्यांना बोलता यावं म्हणून. तांड्यातली निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली.

"टीव्हीचा अँटेना तुमी देल्लता, थो अजून उभा हाय," हरसिंगभाऊ म्हणाले. "तसाच याचा एक करून द्या ना. आवाज तं आला पायजे."

बाबांनी भिंतीवरची आरी काढली. मला आठवतं, त्या दिवशी त्यांनी पॅन्ट न घालता धोतरावरच काम सुरू केलं. वहिनीकडून फोनची फ्रिक्वेन्सी विचारली, तिने कागदावर गणित करून काट्याची लांबी काढून दिली. बोटाएवढे दोन बारीक काटे, समोरासमोर, मधून केबल. टीव्हीच्या अँटेन्यापुढे ते खेळण्यासारखं दिसत होतं. ते घेऊन बाबा आणि मी गेलो. एसटीने फाट्यापर्यंत, तिथून पायी. बांबू माझ्या खांद्यावर होता आणि मी खूष होते, कारण वहिनी घरी होती.

बांबू दुकानाच्या छपराला बांधला, टोकाला अँटेना, केबल खाली फोनमध्ये. रेंजच्या दांड्या आल्या. पोरं ओरडली. हरसिंगभाऊंची म्हातारी आई सोनाबाई सकाळपासून दुकानात येऊन बसली होती. तिची धाकटी मुलगी नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेली होती, दिवस भरत आले होते, आणि ती त्या दिवशी तिकडच्या एका टपरीवरून फोन करणार असा निरोप आला होता. फोन वाजला. म्हातारीने दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, इतका स्वच्छ. "याडी? हॅलो? याडी?"

म्हातारी त्यांच्या गोरबोलीत बोलायला लागली. 'याडी' म्हणजे आई, त्यापलीकडे शब्द मला कळले नाहीत, पण लाड कळले. पलीकडून मात्र पुन्हा तेच, "हॅलो? याडी? हॅलो?" म्हातारी ओरडली. पलीकडची पोरगीही ओरडत होती, मग तिने टपरीवाल्याला मराठीत म्हटलं की आवाज येत नाही, आणि फोन बंद झाला. म्हातारीने रिसीव्हर कानाचा काढला नाही. मी तिचा हात धरून बसले. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "मले आयकू येते वो बाई. तिले काहून येत नाई?"

बाबांनी केबलचा जोड दोनदा सोडून पुन्हा आवळला.

संध्याकाळी जेवताना त्यांनी हे सांगितलं. अंबाडीची भाजी होती, वहिनी वाढत होती. वाढता वाढता ती थांबली. "बाबा, चूक माहीच हाय. हा फोन ऐकते एका जागी आन बोलते दुसऱ्या जागी. रेडिओत नाही का, एक टेशन इथं लागते, दुसरं थोडं पुढं? तसं. मी लांबी काढली थे ऐकाच्या जागेची. बारीक काटा एकाच जागी जमते. बोलाच्या जागेवर तो जमतच नाही."

"मंग दोन अँटेने लावू?"

"नाही. एकच लावा, पन जाडा. काटा जेवढा जाडा, तेवढा तो आजूबाजूले जमून घेते. दोन्ही जागा त्याच्यात येतात. ब्रॉडबँड म्हन्तात त्याले."

बाबांनी हात धुतला. अर्धी भाकर ताटात तशीच. ते उठून शेडमध्ये गेले आणि जाडा पाइप शोधू लागले, आणि वहिनी हातातली भाजीची पळी घेऊनच त्यांच्या मागे गेली. मी तिथेच बसून राहिले. म्हातारीचा हात मी धरला होता. ते "याडी, याडी" मी ऐकलं होतं. बांबू मी वाहून नेला होता. आणि उत्तर हिला सुचलं, घरी बसून, भाजी वाढताना. मी तिच्यावर जळत होते हे सांगायला मला आज काहीच वाटत नाही. माझ्या जागी कोणीही जळलं असतं.

जाडा पाइप महाग पडला असता, शिवाय बांबूला पेलला नसता. वहिनी म्हणाली, गोल पाइपच हवा असं नाही, सपाट पत्र्याचे दोन त्रिकोणही चालतात, टोकाला टोक लावून ठेवायचे. बाबांनी तेलाचा रिकामा पिपा कापला. दोन त्रिकोण निघाले, दिसायला फुलपाखरासारखे. ते लावायला बाबा आणि वहिनी गेले. मी घरी भाकरी थापल्या. संध्याकाळी दोघं हसत आले. लांबूनच मला बाबांचं हसणं ऐकू आलं. ते असं हसतात हे मी विसरले होते. फोन लागला होता. म्हातारी बोलली होती, पलीकडून उत्तर आलं होतं. "अर्धा तास सोडलं नाही तिनं फोनले," बाबा मायला सांगत होते. वहिनीच्या हातात तुरीच्या ओल्या शेंगांचं गाठोडं होतं. म्हातारीने दिलं होतं, तिच्यासाठी. त्या शेंगा मी सोलल्या. सोलताना एकही दाणा तोंडात टाकला नाही.

महिनाभर सगळीकडे तेच. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माह्या सुनेनं बनवला." हरसिंगभाऊंनी आजूबाजूच्या तांड्यांवर सांगितलं, माणसं विचारायला येऊ लागली. तेवढ्यात अवकाळी वारा सुटला. त्यात आमच्या शेडचं एक टिन उडालं, आणि तांड्यावरचं फुलपाखरू गेलं. पत्रा वारा धरतो. बांबू गरागरा फिरला, त्रिकोण दुमडले, केबलचा जोड तुटला. हरसिंगभाऊ ते चुरगळलेलं टिन पिशवीत घालून घेऊन आले आणि त्यांनी ते बाबांपुढे ठेवलं. सोनाबाईच्या मुलीला तिकडेच बाळ झालं होतं. एवढी बातमी कुणीतरी येऊन सांगितली होती, मुलगी स्वतः बोलली नव्हती.

वहिनी तेव्हा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिला उलट्या सुरू झाल्या होत्या. घरात सगळ्यांना कारण कळलं होतं आणि माय तिला पाण्याचा तांब्याही उचलू देत नव्हती. ते टिन पाहून ती म्हणाली, "जाड पत्रा घ्या लागन बाबा." जाड पत्रा महाग, जड, आणि वारा तोही धरणारच. बाबांनी मान हलवली. मी मात्र मनातून, खरं सांगते, नाचले. आणि त्याच क्षणी मी ठरवलं की हा आता मी बनवणार.

आमच्या घराशेजारी एका चाचांचं सायकलचं दुकान होतं. तिथे मोडलेल्या चाकांच्या तारा ढिगाने पडलेल्या असायच्या. मी पत्र्याकडे पाहून विचार करत होते की याचं पोट काढून टाकलं तर? नुसती कड ठेवली तर? वारा आरपार जाईल. मी चाचांकडून मूठभर तारा आणल्या. चाकाची एक तार वाकवली की तिचा बरोबर एक त्रिकोण होतो, हे मला हातात घेतल्यावर कळलं. एका टोकाला आटे असतातच, तिथे तारेसोबतचा पितळी नट बसतो, म्हणजे केबल जोडायला सोल्डरही नको. दोन तारा, दोन त्रिकोण. मधे बसवायला जुन्या स्विचबोर्डाच्या पाटीचा तुकडा. गंजू नये म्हणून वर रंगाचा हात. मी हे सगळं दोन दुपारी वहिनी झोपलेली असताना केलं. शेडचं दार लोटून, माझ्या स्टुलावर बसून.

तिसऱ्या दिवशी मी ते बाबांसमोर ठेवलं. बाबांनी उचललं. फुंकर मारली, हलवून पाहिलं, पितळी नट चिमटीत धरून पिरगाळले. "सायकलच्या तारा?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळत चालला होता, मी पाहत होते, आणि तेवढ्यात दारात वहिनी आली. केस विस्कटलेले, चेहरा पिवळा. तिने हात पुढे केला आणि बाबांनी माझा अँटेना तिच्या हातात दिला.

तिने तो चष्म्याजवळ धरून पाहिला. "बाप्पा ताई! कडाच ठेवल्या. हे मले नसतं सुचलं." मग म्हणाली, "फक्त हे फार निमुळतं झालं. जाडेपना याच्या फाकीतून येते ना. असं बंद ठेवलं तं हा पुन्हा बारीकच." आणि तिने दोन बोटं माझ्या त्रिकोणात घातली आणि तो फाकवला. एकदा इकडचा, एकदा तिकडचा. तार वाकली, चिंचोळा त्रिकोण चांगला रुंद झाला. "आता बोलन," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून मोरीकडे पळाली.

दोन दुपारींचं माझं काम, आणि तिची दोन बोटं. तार माझी, फाक तिची. मग अँटेना कोणाचा? मी हा प्रश्न तेव्हा स्वतःला इतक्या वेळा विचारला की तो झिजून गुळगुळीत झाला. ती चुकली असती तर बरं झालं असतं. ती बरोबर होती. मी निमुळता केला होता कारण तसा तो दिसायला छान दिसत होता.

घाटातला रस्ता म्हणून वहिनीला एसटीत बसू दिलं नाही. मी आणि बाबा गेलो. वारा होताच. बांबू उभा केला तेव्हा तारेचे त्रिकोण वर नुसते थरथरले, फिरले नाहीत. आधीच ठरवून ठेवलेल्या वेळी फोन वाजला. सोनाबाईने रिसीव्हर घेतला आणि या वेळी ती आधी ओरडलीच नाही. अगदी हळू, भीत भीत, एकच शब्द बोलली. पलीकडून पोरगी रडायला लागली. म्हणजे ऐकू गेलं होतं. मग पलीकडून तान्ह्या बाळाचा आवाज आला. पोरीने बहुधा फोन त्याच्या तोंडाजवळ धरला होता. म्हातारीने रिसीव्हर दुकानातल्या सगळ्यांच्या कानाला लावला. माझ्याही.

हरसिंगभाऊ वर पाहत म्हणाले, "पत्रा नाई, काई नाई, नुसत्या तारा! कोनं बनवलं हे?"

बाबा बांबूची दोरी आवळत होते. मान न वळवता म्हणाले, "माह्या सुनेनं."

ते सवयीनं बोलले. महिनाभर तेच म्हणत होते, तोंडात बसलं होतं. आज मला ते कळतं. तेव्हा नाही कळलं. माझ्या हातात बांबूचं खालचं टोक होतं, ते मी सोडलं नाही, पण माझा आवाज मलाच अनोळखी वाटावा असा निघाला. "मी बनवला. चाचाच्या दुकानातल्या तारा मी आनल्या. म्या वाकवल्या. वहिनी झोपलेली होती."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. बाबा वळले. माझ्याकडे पाहून ते हरसिंगभाऊंना म्हणाले, "हो, बरोबर हाय. दोघीयनं बनवला."

दोघींनी. मला त्यापेक्षा काहीच मिळालं नसतं तर परवडलं असतं. काही नसलं की माणूस रागावून बसू शकतो. अर्धं मिळालं की गप्प बसावं लागतं. येताना एसटीत बाबा खिडकीशी बसले, मी बाजूला. फाटा गेला, नाला गेला, ते म्हणाले, "तुले राग आला का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "तिचं माहेर लांब हाय बाई. तिले इथं कायतरी पायजे." मी बाहेर पाहत राहिले. आणि मला काय पाहिजे, हे मी विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात अँटेन्याची मागणी आली. किराणा दुकानं, दवाखाने, आश्रमशाळा, डोंगराआडची गावं. दादा ते पोत्यात बांधून एसटीच्या टपावरून घाटंजी-राळेगावपर्यंत पोहोचवायचा. प्रत्येक अँटेना हाताने फाकवायचा तर वहिनीला बोलवावं लागायचं. तिने डोळा लावून पाहावं, बोटं घालावीत, मग तो पास. मला ते सहन होत नव्हतं. मी एक सागाची फळी घेतली, तिने फाकवलेला एक अँटेना त्यावर ठेवला आणि त्याच्या प्रत्येक वळणावर खिळा ठोकला. आता तार घ्यायची, खिळ्यांभोवती वाकवायची, काढायची. दरवेळी तीच फाक. कुणालाही जमेल, मायलासुद्धा, आणि माय करूही लागली. तिची दोन बोटं मी फळीवर ठोकून टाकली होती. बाबांनी ती फळी पाहिली आणि म्हणाले, "आता कसे सारे एकसारखे निंगतात! आन किती लवकर!" अँटेना स्वस्त झाला तो त्या फळीमुळे. वहिनीने फळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता माहं काय काम राह्यलं?" ती हसत म्हणाली होती. मी हसले नाही.

तो धंदा फार टिकला नाही. टॉवर वाढले, मोबाइल आले, तांड्यावर प्रत्येकाच्या खिशात फोन वाजू लागला. परवा माझ्या मुलाने त्याचा जुना मोबाइल उघडून दाखवला. "आई, हा पाहा अँटेना." आत कागदासारखी एक पट्टी चिकटवलेली होती. मी चष्मा लावून पाहिली आणि मला माझ्या सायकलच्या तारांचा अभिमान वाटला. वहिनी आजही त्याच शेडमध्ये मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवते. बाबा गेले तोवर दुपारी तिच्यासमोर बसायचे. मी माहेरी गेले की ती अजूनही उठते आणि म्हणते, ताई बसा. आणि ते मला अजूनही थोडं टोचतं.

पण मला सांगायचं आहे ते त्याच वर्षीच्या पावसाळ्यातलं. मला पाहायला राळेगावकडून माणसं आली होती. चांगलं घर, कापूस-सोयाबीनची शेती, मुलगा शाळेत शिक्षक. ते बैठकीत बसले होते, बाबा त्यांच्यासोबत. आत स्वयंपाकघरात मी नवी साडी नेसून उभी, आणि वहिनी पोहे परतत होती. तिचं पोट चांगलंच दिसायला लागलं होतं, बसता-उठता त्रास व्हायचा, पण त्या दिवशी तिने मला चुलीजवळ येऊ दिलं नव्हतं. साडीला वास लागेल म्हणून. बाहेर मुलाच्या वडिलांनी विचारलं, "पोरगी काय काय करते?"

मला वाटलं, आता बाबा भाकरी, शिवण, भरतकाम सांगतील. बाबा म्हणाले, "तुमच्या तिकडं दवाखान्यावर तो तारेचा अँटेना पाह्यला का? फुलपाखरासारखा? थो माह्या पोरीनं बनवला."

"पोरीनं?"

"हो. डोकं तिचं, हात तिचे. साऱ्या जिल्ह्यात गेला. शिकवलं असतं तं इंजिनेर झाली असती. माहंच चुकलं."

या वेळी ते दोघींनी म्हणाले नाहीत. मी दाराजवळ सरकले. मग माझं लक्ष वहिनीकडे गेलं. तिचा हात कढईवर थांबला होता. पोहे खाली लागत होते आणि तिला कळत नव्हतं. ती दाराकडे पाहत होती, जिथून बाबांचा आवाज येत होता, आणि तो चेहरा मी ओळखला. मी तो कित्येक महिने स्वतःच्या आत वागवत होते.

"वहिनी, करपतंय," मी म्हटलं.

तिने घाईने कढई उतरवली. पदराने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमच्या घरचे मले पाहाले आलते ना ताई, तवा माह्या बाबानं डिप्लोम्याचं नावच काढलं नाही. जास्त शिकलेली म्हनून नाकारतीन, असं वाटलं त्यायले. पोरगी स्वयंपाकात हुशार हाय, एवढंच सांगतलं." तिने पोह्यांवर खोबरं पेरलं, कोथिंबीर पेरली. तिचे हात जरा जोरात चालत होते. "नशीबवान आहा तुमी."

तिला जवळ घ्यावं, निदान तुम्हीच तो फाकवला म्हणावं, हे मला सुचलं. मी म्हटलं नाही. मी ताटल्या उचलल्या आणि बैठकीत गेले, आणि चालताना तिची नजर माझ्या पाठीवर आहे हे मला स्पष्ट जाणवत होतं. तेव्हा पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यावर जळत होतं, आणि खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं.